विश्लेषण : एकच गोष्ट, शेकडो बोली! ग्रिअर्सन यांची १३० वर्षांपूर्वीची युक्ती आजच्या ‘एआय’ला काय शिकवते?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावागावांत बोलली जाणारी अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आजही रंगतो. या वादाचे मूळ एका आयरिश अधिकाऱ्याच्या कपाटात सापडते. सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांनी ब्रिटिश भारतातील शेकडो बोलींना एकच ठरावीक मजकूर दिला आणि आलेल्या उत्तरांवरून भाषांचे वर्गीकरण केले. आज भाषेचे एआय मॉडेल वर्गीकरणासाठी वापरताना ‘प्रॉम्प्ट ट्यूनिंग’ नावाचे तंत्र वापरले जाते. त्याची कल्पनाही बरीचशी अशीच आहे. ग्रिअर्सन यांचे आयुष्य, त्यांची पद्धत, तिच्यातील त्रुटी आणि खान्देशसाठी त्यातला धडा यांचा हा आढावा...

ग्रिअर्सन कोण होते?

जॉर्ज ग्रिअर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंडमधील डब्लिनजवळ झाला. घराणे छपाईच्या व्यवसायातले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले ते गणित. भाषांची गोडी लागली ती तिथेच. प्राध्यापक रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे धडे घेतले आणि मीर औलाद अली यांच्याकडे हिंदुस्तानी. १८७१ मध्ये ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७३ मध्ये बंगाल प्रांतात रुजू झाले. त्या वेळी बिहारही बंगाल प्रांताचाच भाग होता.

पुढची पंचवीसेक वर्षे त्यांनी प्रामुख्याने बिहारमध्ये काढली. पाटण्यात ते मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टर होते. १८९६ मध्ये ते बिहारचे अफू एजंट, म्हणजे सरकारी अफू खात्याचे प्रमुख झाले. दिवसा महसूल, खटले, अर्ज. उरलेल्या वेळात व्याकरण आणि शब्दसंग्रह, असा त्यांचा दिनक्रम होता.

बिहारने त्यांना काय शिकवले?

कचेरीत चालणारी भाषा आणि अर्ज घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याची भाषा वेगळी आहे, हे ग्रिअर्सन यांच्या लवकर लक्षात आले. कागदोपत्री सगळ्यांना ‘हिंदी’ म्हटले जाई. प्रत्यक्षात उत्तर बिहारात मैथिली, दक्षिणेला मगही आणि पश्चिमेला भोजपुरी बोलली जात होती. कचेरीतल्या कारकुनाला समजणारे शब्द खेड्यातल्या माणसाच्या तोंडी नसत.

त्यांनी आधी मैथिलीचे व्याकरण लिहिले. त्यानंतर १८८३ ते १८८७ या काळात बिहारी बोलींची सात व्याकरणे प्रसिद्ध केली. १८८५ मध्ये त्यांचे ‘बिहार पेझंट लाइफ’ हे पुस्तक आले. नांगराच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात, बैलगाडीचे, विहिरीचे, घराचे, जेवणाचे, सणांचे शब्द कोणते, याची ती चित्रांसह केलेली मोठी यादी आहे. १८८९ मध्ये त्यांनी उत्तर भारतातील देशी भाषांच्या साहित्याचा इतिहास लिहिला.

याच काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मैथिली, मगही आणि भोजपुरी या तिघींना मिळून त्यांनी ‘बिहारी’ असे एक नाव दिले. हे नाव बोलणाऱ्यांचे नव्हते, अभ्यासकाच्या सोयीचे होते. लोक आपल्या भाषेला ‘बिहारी’ म्हणत नसत. वर्गीकरण करणारा खण तयार करतो आणि मग माणसांना त्यात बसवतो, याचे हे पहिले उदाहरण. पुढे खान्देशच्या बाबतीतही तेच घडणार होते.

भाषा सर्वेक्षणाची कल्पना कशी आली?

१८८६ मध्ये व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ग्रिअर्सन तेथे उपस्थित होते. भारतातील भाषांचे पद्धतशीर सर्वेक्षण करावे, असा ठराव या परिषदेत झाला. मॅक्स म्युलर, मोनिअर विल्यम्स यांच्यासारख्या नामवंतांचा त्याला पाठिंबा होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले जॉर्ज ब्यूलर हेही या ठरावामागे होते.

सरकारने मात्र पैशाचे कारण पुढे करून हात आखडता घेतला. मंजुरी मिळाली ती आठ वर्षांनी, १८९४ मध्ये. तीही काम स्वस्तात होणार म्हणून. नवे कर्मचारी नेमायचे नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यातील अधिकाऱ्यांनीच आपल्या नेहमीच्या कामातून वेळ काढून माहिती पाठवायची होती. १८९८ मध्ये ग्रिअर्सन यांची सर्वेक्षणाचे अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. नंतर लवकरच ते इंग्लंडला गेले. १९०३ मध्ये नोकरीतून निवृत्त झाल्यावरही सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथील घरातून त्यांनी हे काम चालू ठेवले.

मद्रास प्रांत, हैदराबाद आणि म्हैसूर संस्थाने, तसेच ब्रह्मदेश यातून वगळले होते. तरीही उरलेल्या प्रदेशाची लोकसंख्या २२ कोटींहून अधिक होती. एवढ्या माणसांची बोली समजून घ्यायची, तीही हजारो मैल दूर टेबलाशी बसून. मग करायचे काय?

प्रत्येक बोलीला एकच प्रश्न, ही युक्ती काय होती?

ग्रिअर्सन यांनी प्रत्येक बोलीकडून तीन गोष्टी मागवल्या.

पहिली, बायबलमधील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा त्या बोलीतील अनुवाद. बापाकडून वाटा घेऊन निघून गेलेला, सगळे उडवून कंगाल झालेला आणि शेवटी घरी परतलेला धाकटा मुलगा, अशी ती गोष्ट. ती निवडण्यामागे धर्मप्रसारापेक्षा व्याकरणाचा हिशेब होता. या छोट्या गोष्टीत मी, तू, तो ही तिन्ही सर्वनामे येतात. नामांच्या बहुतेक विभक्ती येतात. क्रियापदांचे वर्तमान, भूत आणि भविष्य हे तिन्ही काळ येतात. म्हणजे एका पानात भाषेचा सांगाडा दिसतो. भारतीय वाचकांना खटकू नये म्हणून गोष्टीत किरकोळ बदलही केले होते.

दुसरी, त्या भागातील एखादी लोककथा, गाणे किंवा प्रसंग, बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकून जसाच्या तसा लिहून घेतलेला. अनुवादात भाषा कृत्रिम होते, हे ग्रिअर्सन यांना ठाऊक होते. त्यावरचा हा उतारा होता.

तिसरी, २४१ शब्द आणि वाक्यांची ठरलेली यादी. ही मूळ यादी सर जॉर्ज कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने १८६६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीसाठी तयार झाली होती. आकडे, शरीराचे अवयव, नातीगोती, सर्वनामे, क्रियापदांची रूपे आणि शेवटी साधी वाक्ये. तुझे नाव काय? या घोड्याचे वय किती? अशी.

बोलणाऱ्याला ग्रिअर्सन काहीही शिकवत नव्हते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. त्याची भाषा त्याच्या डोक्यात आधीच पूर्ण होती. नेमका मजकूर समोर ठेवून त्यातले हवे तेवढे बाहेर काढायचे आणि सगळीकडून आलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची, एवढेच करायचे होते.

खान्देशची बोली कोणत्या खणात गेली?

सर्वेक्षणाची माहिती गोळा होत असताना खान्देश हा एकच मोठा जिल्हा होता आणि त्याचे मुख्यालय धुळ्याला होते. १९०६ मध्ये त्याचे दोन भाग झाले. जळगाव मुख्यालय असलेला पूर्व खान्देश आणि धुळे मुख्यालय असलेला पश्चिम खान्देश.

त्याआधी खान्देशी, म्हणजे अहिराणी, ही मराठीची बोली मानली जात असे. सर्वेक्षणातील मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. मात्र अहिराणीला जागा मिळाली ती १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या सोबत. या दोन्ही खंडांचे काम ग्रिअर्सन यांचे नॉर्वेजियन सहकारी स्टेन कोनो यांनी केले आणि ग्रिअर्सन यांनी ते संपादित केले. त्यांचा निष्कर्ष असा होता की अहिराणीवर मराठीचा दाट प्रभाव आहे, पण तिचा पाया गुजराती आणि भिल्लीच्या जवळचा आहे.

हा निष्कर्ष कशावरून? खान्देशातल्या कोणालाही पटकन कळेल असे उदाहरण घेऊ. यादीतला ‘तुझे नाव काय’ हा प्रश्न अहिराणीत ‘तुन्हं नाव काय शे?’ असा होतो. मराठीत ‘गावाचा’ म्हणतात तिथे अहिराणीत ‘गावना’ आणि गुजरातीत ‘गामनो’. मराठीत ‘आहे’, अहिराणीत ‘शे’, गुजरातीत ‘छे’. मराठीत ‘गावात’, अहिराणीत ‘गावमा’, गुजरातीत ‘गाममां’. षष्ठीचा प्रत्यय, सप्तमीचा प्रत्यय आणि ‘असणे’ या क्रियापदाचे रूप, या तीन ठिकाणी अहिराणी पश्चिमेकडे झुकते.

पण याच बोलीत ‘मला’ऐवजी ‘माले’ येते. हा ‘ले’ प्रत्यय वऱ्हाडीत आहे आणि जळगाव जिल्ह्यातील यावल, रावेर, भुसावळ पट्ट्यातील लेवा गणबोलीतही आहे. शब्दसंग्रहात तर मराठीचा वाटा मोठा. म्हणजे एखाद्याने फक्त ‘माले’ पाहिले तर तो अहिराणीला पूर्वेकडे ढकलेल आणि फक्त ‘शे’ पाहिले तर पश्चिमेकडे. कोणत्या खुणेला किती वजन द्यायचे, यावर निकाल ठरतो.

सर्वेक्षणाने वजन व्याकरणाला दिले. पुढच्या अनेक मराठी अभ्यासकांनी शब्दसंग्रह, इतिहास आणि लोकांचा स्वतःबद्दलचा समज यांना वजन दिले आणि अहिराणी ही मराठीचीच बोली असल्याची मांडणी केली. पुरावे बरेचसे तेच, पण उत्तरे वेगळी आली.

एआयमधील ‘प्रॉम्प्ट ट्यूनिंग’ म्हणजे काय?

आता आजच्या काळात येऊ. समजा, एखाद्या जिल्ह्यात नागरिकांच्या तक्रारी मोबाइल संदेशातून येतात. पाणी, वीज, रस्ता, पीकविमा अशा विभागांत त्यांची वाटणी करायची आहे. यालाच वर्गीकरण म्हणतात. हे काम एआयकडे द्यायचे तर मार्ग कोणता?

भाषेचे मोठे मॉडेल आधी प्रचंड मजकूर वाचून तयार केले जाते. गाळलेला किंवा पुढचा शब्द ओळखणे हाच त्याचा अभ्यास. तो अब्जावधी वेळा करून भाषेची घडण त्याच्या आकड्यांत साठते. या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात. असे आधीच शिकलेले मॉडेल म्हणजे ‘प्री-ट्रेन्ड’ मॉडेल. त्याला भाषा येते, पण तक्रारींची वाटणी करायची आहे हे ठाऊक नसते.

जुना मार्ग म्हणजे फाइन-ट्यूनिंग. वर्गीकरणाची उदाहरणे देऊन संपूर्ण मॉडेलचे सगळे आकडे थोडे थोडे बदलायचे. यात अडचण अशी की प्रत्येक कामासाठी अवाढव्य मॉडेलची वेगळी प्रत ठेवावी लागते. उदाहरणे थोडी असतील तर मॉडेल ती पाठ करून टाकते आणि नवी तक्रार आली की अडखळते.

दुसरा मार्ग म्हणजे मॉडेलला हात न लावता फक्त प्रश्न नीट विचारायचा. तक्रारीच्या मागे ‘ही तक्रार अमुक विभागाची आहे’ असे अर्धवट वाक्य जोडायचे आणि ‘अमुक’च्या जागी मॉडेल कोणता शब्द भरते ते पाहायचे. या जोडलेल्या वाक्याला प्रॉम्प्ट म्हणतात. स्वस्त आणि सोपा उपाय. मात्र प्रश्नातला एखादा शब्द बदलला तरी उत्तर बदलू शकते. नेमके वाक्य कोणते, हे माणसाने चाचपडत शोधायचे.

प्रॉम्प्ट ट्यूनिंग हा यातला मधला मार्ग. मॉडेल जसेच्या तसे गोठवून ठेवायचे. प्रश्नाच्या सुरुवातीला माणसाने लिहिलेले शब्द न लावता आकड्यांच्या काही रांगा लावायच्या. या रांगा म्हणजे जणू अर्थ नसलेले, पण मॉडेलला वळण देणारे शब्द. उदाहरणे दाखवत जायचे, उत्तर चुकले की चूक मोजायची आणि फक्त या रांगांतले आकडे बदलायचे. मॉडेलमधला एकही आकडा हलत नाही. जो काही बदल होतो तो प्रश्नात होतो.

गूगलच्या ब्रायन लेस्टर, रामी अल-र्फू आणि नोआ कॉन्स्टंट या संशोधकांनी २०२१ मध्ये हे तंत्र मांडले. त्यांच्या सर्वात मोठ्या मॉडेलमध्ये ११०० कोटी पॅरामीटर होते. फाइन-ट्यूनिंगमध्ये प्रत्येक कामासाठी ते सगळे बदलावे लागतात. प्रॉम्प्ट ट्यूनिंगमध्ये पाच आभासी शब्द आणि प्रत्येकी ४०९६ आकडे, असे फक्त २०,४८० आकडे शिकवून काम भागले. एक महत्त्वाची बाबही त्यांना दिसली. मॉडेल लहान असेल तर हे तंत्र मागे पडते. मॉडेल जितके मोठे, तितके ते फाइन-ट्यूनिंगच्या बरोबरीला येते.

ग्रिअर्सन आणि प्रॉम्प्ट ट्यूनिंग यांत साम्य कोणते?

ग्रिअर्सन यांच्यासाठी बोलणारा माणूस हा ‘आधीच शिकलेला’ होता. त्याच्या भाषेत त्यांना काही बदलायचे नव्हते. बदलायचा होता तो प्रश्न. भाषेची सर्वात जास्त माहिती सर्वात कमी शब्दांत बाहेर काढेल असा मजकूर त्यांनी निवडला आणि तो सगळीकडे सारखाच ठेवला. प्रॉम्प्ट ट्यूनिंगमध्येही मॉडेल तेच राहते आणि नेमका प्रश्न शोधला जातो.

फरकही आहेत. ग्रिअर्सन यांनी प्रश्न आधी ठरवला आणि शेवटपर्यंत बदलला नाही. यंत्र चुकांवरून शिकत प्रश्न हजारो वेळा बदलते. उधळ्या मुलाची गोष्ट कोणीही वाचू शकतो. यंत्राने शोधलेल्या आकड्यांच्या रांगा मात्र माणसाला वाचता येत नाहीत. त्यामुळे निकाल चुकला तर तो प्रश्नामुळे चुकला का, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

ही पद्धत कुठे अडते?

पहिली अडचण, उत्तर देणारा कोण? सर्वेक्षणाचे कागद जिल्हा कचेरीमार्गे खाली गेले. अनुवाद करणारा लिहिता-वाचता येणारा असणे भाग होते. शाळेत शिकलेला माणूस लिहिताना आपोआप शाळेची भाषा लिहितो. त्यामुळे पुष्कळदा बोलीच्या नावाखाली पुस्तकी भाषाच कागदावर उतरण्याचा धोका होता. ग्रिअर्सन यांनी शक्य तिथे एकापेक्षा जास्त नमुने मागवले, सदोष नमुने बाजूला काढले. तरी अक्षर न ओळखणारी बाई या यंत्रणेत येण्याची शक्यता कमीच होती.

जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी याच काळातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि इतरांनी लिहून ठेवली. ती पुस्तकरूपाने १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. भाषेचा खरा साठा कोणाकडे असतो आणि कागद कोणापर्यंत पोहोचतो, यातले अंतर दाखवायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

एआयमध्ये हीच अडचण अधिक तीव्र होते. प्रॉम्प्ट मॉडेलमधले ज्ञान बाहेर काढतो, नवी भाषा शिकवत नाही. मराठीसाठी गूगलचे ‘म्युरिल’, पुण्यातील ‘एल३क्यूब’चे ‘महाबर्ट’ अशी मॉडेल आहेत. ती शिकली ती मुख्यत्वे लिखित मराठीवर. ‘आमना गावमा पानी नही शे’ असा संदेश आला तर ‘गाव’ आणि ‘पानी’ या शब्दांवरून मॉडेल पाणीपुरवठा विभाग ओळखूही शकेल. पण वाक्य थोडे लांबले, ठेठ अहिराणी शब्द आले, की यंत्र त्या शब्दांचे तुकडे करते आणि अर्थ निसटतो. जे विहिरीतच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरी अडचण खणांची. वर्गीकरणाच्या तंत्रात मॉडेलच्या उत्तराचा शब्द कोणत्या खणात टाकायचा, याची यादी माणूस आधी ठरवतो. भाषा ओळखणाऱ्या यंत्रासमोर ‘मराठी’, ‘गुजराती’, ‘हिंदी’ एवढेच पर्याय ठेवले, तर अहिराणी वाक्य त्यांपैकी एकातच जाणार. ‘यांपैकी नाही’ असे म्हणण्याची मुभाच यंत्राला दिलेली नसते. वर ते उत्तर मोठ्या खात्रीने येते. चूक झाली असेल तर ती यादी करणाऱ्याची, पण दिसते ती बोलणाऱ्याची. त्याची भाषा ‘अशुद्ध’ ठरते.

ग्रिअर्सन यांनाही हे खण पुरले नव्हते. भाषांच्या सीमा रेघेसारख्या नसतात, एक भाषा हळूहळू दुसरीत मिसळते, याची त्यांना जाणीव होती. तरी छापील खंडाला अनुक्रमणिका लागते आणि अनुक्रमणिकेत प्रत्येक बोलीला एकच जागा मिळते.

ग्रिअर्सन यांचे वर्गीकरण चुकले का?

काही बाबतीत त्यांच्या हयातीतच आक्षेप आले. भारतीय आर्य भाषांची ‘आतली’ आणि ‘बाहेरची’ अशी विभागणी ग्रिअर्सन यांनी मांडली होती. सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२६ मध्ये बंगाली भाषेच्या उगमावरील आपल्या ग्रंथात ती खोडून काढली. ‘बिहारी’ हे नावही टिकले नाही. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत भोजपुरी आणि मगही हिंदीच्या गटात मोजल्या जातात, तर मैथिलीला २००३ मधील घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्वतंत्र स्थान मिळाले. एकाच खणातल्या तीन भाषांचे नशीब असे वेगळे निघाले.

पण ग्रिअर्सन यांचे मोठेपण निष्कर्षांपेक्षा दुसऱ्या गोष्टीत आहे. त्यांनी निष्कर्षासोबत पुरावाही छापला. प्रत्येक बोलीचा नमुना, त्याचा शब्दशः अर्थ, व्याकरणाची रूपरेषा आणि शब्दांची यादी. त्यामुळे ज्याला निकाल पटला नाही त्याला तोच पुरावा पुन्हा तपासता आला. शेवटच्या टप्प्यात पुरवण्या आणि दुरुस्त्याही प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या पुढाकाराने प्रांतिक सरकारांमार्फत बोलींच्या ग्रामोफोन तबकड्याही तयार झाल्या. उधळ्या मुलाची तीच गोष्ट अनेक बोलींत आज इंटरनेटवर ऐकता येते.

आयुष्याची अखेर कशी झाली?

मंजुरीपासून ३४ वर्षांनी, १९२८ मध्ये, सर्वेक्षण पूर्ण झाले. ११ खंड, त्यांचे १९ भाग. त्यात १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदवल्या गेल्या. काम सुरू झाले तेव्हा ग्रिअर्सन चाळिशीत होते, संपले तेव्हा ७७ वर्षांचे. १९१२ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली होती. १९२८ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा ब्रिटनमधील अत्यंत मानाचा किताब मिळाला. याच काळात त्यांनी काश्मिरीचा मोठा शब्दकोशही तयार केला. त्याचा शेवटचा भाग १९३२ मध्ये आला.

९ मार्च १९४१ रोजी कॅम्बर्ली येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

खान्देशसाठी आज याचा अर्थ काय?

सर्वेक्षणाने अहिराणीला मराठीबाहेर ठेवले, आणि जनगणनेच्या तक्त्यांत ‘खान्देशी’ ही आजही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते. त्यात सर्वात मोठा वाटा अहिराणीचा. २००१ मध्ये खान्देशी बोलणाऱ्यांची नोंद सुमारे २०.७ लाख होती, २०११ मध्ये ती सुमारे १८.६ लाखांवर आली. मातृभाषा विचारल्यावर अहिराणी बोलणाऱ्या माणसाने ‘मराठी’ सांगितले तर तो या आकड्यात येत नाही. त्यामुळे घट बोलणाऱ्यांची आहे की सांगणाऱ्यांची, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. एवढे मात्र खरे की कागदावर अहिराणी आक्रसत आहे, आणि यंत्र शिकते ते कागदावरूनच.

सरकारी सेवा, बँका, पीकसल्ला आणि हेल्पलाइन यांत भाषेचे एआय येत असताना प्रॉम्प्ट ट्यूनिंगसारखी तंत्रे छोट्या भाषांना सोयीची आहेत. अवाढव्य संगणक नसले तरी थोड्या नीट निवडलेल्या उदाहरणांवर काम होऊ शकते. पण त्यासाठी दोन गोष्टी आधी लागतात. मॉडेलच्या मूळ शिक्षणात अहिराणी आणि लेवा गणबोलीचा पुरेसा मजकूर, म्हणजे बोलणाऱ्यांकडून ऐकून लिहिलेल्या कथा, गाणी, संभाषणे. आणि खणांच्या यादीत त्यांचे नाव.

पहिले काम शिरपूर, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगावच्या घरांतून होऊ शकते. ग्रिअर्सन यांना त्यासाठी जिल्हा कचेरीमार्फत कागद पाठवावा लागला होता. आज आजीची गोष्ट नोंदवून ठेवायला खिशातला मोबाइल पुरतो. दुसरे काम यंत्रणा बनवणाऱ्यांचे आहे. यादीत अहिराणीचा खण नसेल, तर प्रश्न कितीही अचूक विचारला तरी धुळ्याच्या शेतकऱ्याची तक्रार चुकीच्या टेबलावरच जाणार.